तुझं सेंटर कुठलं?

थंडी अंगावरून उतरायला लागते, दुपारी पंखा लावावा की लावू नये असं होतं, आणि शिरोलीकडून येणाऱ्या वाऱ्याला उसाच्या जळक्या पाल्याचा वास येतो. राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरापोरींची गर्दी व्हायला लागते. एरवी गल्लीत कशाचा ना कशाचा तरी डॉल्बी चालू असतो, तो थोडे दिवस गप्प बसतो, कारण प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाठ करत असतं. बाहेर या दिवसांना वेगळं नाव नाही. आमच्या घरात आहे. आम्ही त्यांना नुसतं 'पेपर' म्हणतो. पेपरच्या आधी, पेपरात, पेपर झाल्यावर. घराचं रंगकाम, पाहुण्यांकडची जाणी-येणी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं आमच्याकडे पेपर झाल्यावर.

यंदा पेपर तोंडावर आले आणि आई बस्तीच्या पायरीवरून घसरली. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ, तिथं ती रोज पहाटे जाते. उजवा हात प्लास्टरमध्ये. फोनवर म्हणाली, "काही झालेलं न्हाय मला. पण पोरींच्या हातावर दही घालायला एक धड हात पाहिजे. येतेस का?"

इतक्या वर्षांत पेपरांच्या दिवसांत तिनं मला कधी बोलावलं नव्हतं आणि मीही कधी आले नव्हते. दिवाळीला येते, मे महिन्यात येते, कुणाचं काही झालं तर रात्रीची गाडी पकडूनही येते. फेब्रुवारी-मार्च मात्र मी पुण्यातच काढते. कामं असतात, असं सांगत आले. कामं असतातच की.

तर यंदा आले.

आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. बिडाचे भाग ओततात तिथं, पंपाचे, ट्रॅक्टरचे, कसले कसले. भट्टी अप्पांची, ऑफिस आईचं, अशी पहिल्यापासूनची वाटणी. अप्पा माझे वडील, हे सांगायला हवं, कारण त्यांना अप्पा म्हणणाऱ्या बायका आता जिल्हाभर पसरल्यात. आई लग्न होऊन आली तेव्हा ऑफिसात एक फोन होता आणि तो उचलायला कुणी नव्हतं. तिनं उचलला, तो अजून खाली ठेवलेला नाही. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना ती अशा आवाजात "माल गुरुवारी निघंल" सांगते की मालालाही गुरुवारी निघावंच लागतं.

दुसऱ्यांच्या घरी नवराबायको संध्याकाळी काय बोलतात मला माहीत नाही. आमच्याकडे साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली का, यावर बोलणं चालायचं. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला अप्पांनी आईला मालाच्या खोलीसाठी नवा वजनकाटा आणला. आई इतकी खूश झाली की महिनाभर येईल त्याला काट्यावर उभं करत होती. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. आता वाटतं, एवढं एकमेकांच्या कामात बुडालेलं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही. फक्त बुडालेल्या माणसांना काठावरचं कोणी दिसत नाही, हेही खरंच.

आमच्या घरी राहून शिकणाऱ्या पोरींचं सगळं सुरू झालं ते भट्टीवरच्याच एका माणसापासून. राधानगरीच्या वरच्या अंगाचा होता. त्याची मुलगी दहावीला चांगली पास झाली, तिला सायन्स घ्यायचं होतं, आणि त्यांच्याकडे पावसाचे चार महिने एसटीचा भरवसा नाही. अप्पा रात्रीचं जेवत नाहीत, त्यामुळे जे काही ठरवायचं ते सूर्य मावळायच्या आत ताटावर ठरतं. तेही ठरलं. "वरच्या खोल्या मोकळ्याच हाईत," अप्पा म्हणाले. "गादीला खोळ शिवायला टाकते," आई म्हणाली. झालं. एवढ्या दोन वाक्यांवर आमचं घर फिरलं. पहिली मुलगी आली, मग तिची मावसबहीण, मग त्यांच्या गावच्या, मग शेजारच्या गावच्या. आता ट्रस्ट आहे, पाटी आहे, वर दोन मजले चढलेत. तेव्हा नुसतं घर होतं, आणि घरात मी होते.

माझी खोली कशी गेली ते सांगते. बारावीच्या वर्षी एकदा क्लासवरून आले तर माझ्या पलंगाशेजारी दोन पत्र्याच्या ट्रंका. "ह्या कुणाच्या?" "अगं, एवढी मोठी खोली एकटीला काय करायची तुला? पोरींना उजेड न्हाय वर." आई लबाड नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता, एकटीला एवढी खोली काय करायची. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट एकसारखी होती. चादरी एकाच ताग्यातल्या, पाण्याच्या बाटल्या एका रंगाच्या, ताटं एका मापाची. आई वाढताना वरच्या पोरींना आधी, घरच्या पोरीला शेवटी, असं वाढायची, म्हणजे कुणाला परकं वाटायला नको. शेवटच्या पोळीला हात लावताना मला जरा परकं वाटायचं. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. एवढं मोठं चांगलं काम चालू असताना पोळीचं काय बोलायचं?

आणि मुली तरी वाईट होत्या म्हणावं, तर तेही नाही. माझ्या खोलीत आलेली वंदना तर अशी की भांडायला गेलं तरी हसूच यायचं. तिच्या आईनं पहिल्याच आठवड्यात गावाकडून डबा पाठवला. आईसमोर उघडला तर आत सुकट. वाळलेले मासे! जैनाच्या स्वैपाकघरात! वंदनाचा चेहरा पांढरा पडला. वास तर असा सुटला की खालच्या मजल्यावरून अप्पांनी विचारलं, "गॅस लीक झालाय व्हय गं?" आईनं पदर नाकाला लावला, क्षणभर डोळे मिटले, बहुतेक देवाची माफी मागितली, आणि म्हणाली, "बाळ, तुझ्या आईनं मायेनं दिलंय, टाकायचं न्हाय. गच्चीवर जाऊन खा. डबा पण तिथंच घासायचा. आणि जिन्यातनं जाताना झाकण घट्ट धर." गच्चीच्या टाकीमागे तो डबा पुढे कायमचा राहायला गेला. पेपरांच्या दिवसांत पोरी संध्याकाळी एकेक करून 'वाऱ्याला' वर जायच्या. आईला सगळं कळत होतं. ती तोंड फिरवून तांदूळ निवडत बसायची.

तिचं हे वागणं आठवलं की मला तिच्यावर धड रागावताही येत नाही. फार गैरसोय होते अशा माणसांमुळे.

मला त्या वर्षी काय हवं होतं? खोली नको होती. पहिली पोळीही नको होती. 'आई' आणि 'अप्पा' असे माझे दोन शब्द होते, तेही पोरींनी घेतले, तरी चालवून घेतलं. वंदना जिन्यातून "आई" अशी हाक मारायची आणि माझी आई "ओ" द्यायची. मी हाक मारली तरी तशीच "ओ". तोच सूर, तेवढीच लांब. मला फक्त एकदा त्या घोळक्यातून ओळखून काढायला हवं होतं. ही माझी, असं कुणीतरी बोट करायला हवं होतं. एवढंच. सतराव्या वर्षी माणसाला एवढं वाटतं. पुढच्या वयात वाटत नाही असं म्हणतात, पण मला त्याचा अनुभव नाही.

मग पेपर आले. पोरींचं सगळ्यांचं सेंटर उचगावला, शिरोलीच्या वाटेवर. माझं कॉलेज वेगळं म्हणून माझं सेंटर रंकाळ्याजवळ, म्हणजे बरोब्बर उलट्या टोकाला. पोरींना अप्पा फौंड्रीच्या गाडीतून सोडत आणि तसेच भट्टीवर जात. ती मालाची बंद गाडी होती, मागे दोन बाजूंनी बाकं टाकलेली, उजेडाला वर एवढीशी जाळी. मला आई तिच्या स्कूटीवरून सोडायची. सकाळी सगळ्यांच्या हातावर दही-साखर. वरच्या पोरींना आधी, मला शेवटी. ते चाटून हात ओढणीला पुसायचा आणि निघायचं.

फिजिक्सच्या दिवशी पुण्याहून गिऱ्हाईक माल तपासायला यायचं होतं, त्यामुळे आई सकाळीच शिरोलीला गेली. जाताना अप्पांना सांगून गेली, "हिला आधी रंकाळ्याला सोडा, मग पोरींना न्या." अप्पा मोजे घालत होते. म्हणाले, "व्हय व्हय." मी तिथंच उभी होते. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं ते "व्हय व्हय".

गाडीत मी सगळ्यात आत बसले आणि वही उघडली. पोरी एकमेकींना व्याख्या म्हणून दाखवत होत्या. गाडी मध्येच बराच वेळ थांबली, बाहेर कुठला तरी ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत होता, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. उसाचे ट्रॅक्टर रंकाळ्यावर कशाला येतील? पण माझं सगळं लक्ष त्या आरशांच्या आणि भिंगांच्या आकृत्यांत. दार उघडलं, सगळ्या उतरल्या, त्यांच्याबरोबर मीही उतरले. अप्पांनी आत बसूनच हात वर केला, "नीट लिवा गं सगळ्याजणी," आणि गाडी वळवून भट्टीच्या वाटेला लागले. त्या दिवशी ओतकाम होतं. ओतकामाच्या दिवशी अप्पा देवाचंही ऐकत नाहीत.

वंदनानं वळून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी हिकडं कशा?"

पुढची आठवण मला सलग येतच नाही. गेटवरची गर्दी आठवते, पॅडला लावलेली चिमटी दाबत राहिल्याचं आठवतं. मोबाइल तेव्हा नव्हते. आजूबाजूला रिक्षा नव्हती. वंदनानं आपलं पॅड मैत्रिणीच्या हातात कोंबलं आणि सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. समोरून दूध घालून परत निघालेला एक माणूस एम-एटीवरून येत होता, दोन्ही बाजूंना रिकाम्या कॅन. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"मराय आलीस व्हय गं?"

"मामा, हिला रंकाळ्याला सोडा! पेपर हाय हिचा! सेंटर चुकलंय!"

"आन् तुझा?"

"माझा हितंच हाय, मी जाते की आत! तुमी पळा!"

मामा कुणाचा कोण. त्यानं मला मागे बसवलं, "कॅनीला धरू नगंस, डगडगत्यात, कॅरेजला धर," म्हणाला आणि निघाला. ट्रॅक्टरांच्या रांगेतून, बोळाबोळांतून, एका ठिकाणी तर कुणाच्या तरी अंगणातून त्यानं गाडी काढली. अंगणातली बाई ओरडली. "पेपर हाय पेपर!" हा ओरडला. ती लगेच बाजूला झाली. या एका शब्दावर कोल्हापुरात कुणीही वाट देतं.

वाटेत त्यानं विचारलं, "कुठलं पावणं म्हणायचं तुमी? कुणाच्या?"

मी अप्पांचं नाव सांगितलं. त्यानं गाडी चालवता चालवताच मागे मान वळवली. "अगागागा! त्येंची पोरगी? देवमाणूस हो! माझ्या भाचीला त्येंनीच ठेवून घेतलंय, आता उचगावच्याच सेंटरला बसली आसंल बघ. काय माणूस, काय माणूस!" मग जरा वेळानं, एका वळणावर, "मग तुला कसं काय कुणी सोडलं न्हाय?"

मी कॅरेज घट्ट धरलं. वारा फार होता.

घंटा होऊन गेली होती. गेटवरच्या बाईंनी माझ्याकडे आणि त्या कॅनींकडे पाहिलं आणि काही न विचारता आत घेतलं. तीन तास मी दुधाच्या वासात पेपर लिहिला. बरा गेला. मार्कही बरे पडले, पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात नंबर लागला, आयुष्याचं काही वाटोळं झालं नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगायला इतकी सोपी आहे, आणि इतरांनी ती इतक्यांदा सांगितली.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळे ताटावर होते. अप्पांचे चुलतभाऊ बापूकाका आले होते. मी आईला आधीच सांगितलं होतं. आईनं वाढता वाढता, आवाज न चढवता अप्पांना सांगितलं, "तुम्ही आज हिला उचगावला सोडलं. हिचं सेंटर रंकाळ्याला हाय." अप्पांचा हात भातात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बघत होते, आता काय म्हणतात. मला वाटलं होतं, उठतील. निदान एकदा माझं नाव घेतील.

ते म्हणाले, "सगळ्या एकसारख्या बसल्या हुत्या. मला येगळी अशी कोण दिसलीच न्हाय."

भट्टीचा माणूस असंच बोलणार, हे आज कळतं. एका साच्यातले नग एकसारखे आले की त्यांचा दिवस चांगला जातो. एखादा वेगळा आला तर ते तो बाजूला काढतात, आणि बाजूला काढलेला परत भट्टीत जातो. त्यांच्या तोंडी 'वेगळा' हा चांगला शब्दच नव्हता. पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी ते वाक्य मला लागलं.

त्यावर कुणी काही बोलायच्या आत बापूकाकांनी मांडीवर थाप मारली. "व्वा! ह्याला म्हणत्यात मोठेपण! पोटची पोर आन् परकी पोर, फरकच न्हाय डोळ्याला!" त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. अप्पांनी मान खाली घातली. आईनं माझ्या ताटात पोळी वाढली, मी मागितली नव्हती.

पुढे बापूकाकांनी ती गोष्ट गावभर केली. अप्पांचा कुठं सत्कार असला, आई-अप्पांना जोडीनं शाल-फेटा असला, की ते माईक धरून सांगायचे. दर वर्षी गोष्ट थोडी वाढायची. एका वर्षी तर त्यांनी मला चालत रंकाळ्यापर्यंत नेलं. "आणि त्या पोरीनं घरी येऊन तोंडातून एक शब्द काढला नाही!" टाळ्या. मी दोन-तीनदा पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं. आई समोर बघत असायची. अप्पा स्टेजवर मान खाली घालून बसायचे. लाजतात, असं लोकांना वाटायचं. मला वाटायचं, सुखावतात.

मी पुण्याला गेले ती गेलेच. भांडण नाही, अबोला नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल, सगळं रीतसर झालं, आई-अप्पा प्रत्येक वेळी आले, भरपूर घेऊन आले. नातवाला अप्पा मांडीवर घेतात, आई त्याला काट्यावर उभं करते. फक्त पेपरांच्या दिवसांत मी आले नाही. वंदना आता गारगोटीकडे शाळेत शिकवते. दर वर्षी बारावी सुरू झाली की तिचा मेसेज येतो, "ताई, सेंटर नीट बघा." मी हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवते. हसणं एवढं सोपं करून ठेवलंय हल्ली.

यंदा आले तर जुन्या खोलीत चार पोरी. मी आईच्या खोलीत गादी टाकली. सकाळी उठले तर गच्चीच्या टाकीमागून तोच वास. म्हणजे डबा अजून तिथंच आहे, फक्त मालकीण बदलली. आई एका हातानं तांदूळ निवडत तोंड फिरवून बसलेली. मला इतकं हसू आलं की तिनं विचारलं, "काय झालं गं?" "काही नाही," म्हटलं, "गॅस लीक झालाय." ती हसली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून धरून हसली.

पेपर अकराचा आणि पोरी आठ वाजताच तयार. दही घालून घेत एकेक खाली उतरत होत्या. मी आईला म्हटलं, "अगं, एवढ्या लवकर कशाला पिटाळता त्यांना? उचगावला जायला वेळ तो किती लागतो?"

आई साखर पुढे सरकवत म्हणाली, "तुझ्या अप्पांचा नियम हाय तो. कुणाला चुकून भलतीकडं सोडलं, तर परत आणून सोडायला येळ पाहिजे."

माझ्या हातातला चमचा वाटीवर आपटला. समोरची सानिका नावाची पोरगी तळवा पुढे करून उभी होती. ती म्हणाली, "आणि खाली अप्पा नाव-सेंटर विचारल्याबिगर गाडी हलू देत न्हाईत. सगळ्यांचं सेंटर एकच हाय, तरी पण रोज. इंग्लिशच्या पेपराला आमी हसलो तर लई चिडले."

"कधीपासून?" मी आईला विचारलं.

"कधीपासून काय? तू पुण्याला गेलीस त्याच्या फुडच्या सालापासनं." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "बापूभावजी स्टेजवर ती गोष्ट सांगायला लागले की ह्यांना खाली जमीन फाटंल तर बरं असं व्हायचं. घरी येऊन जेवायचे न्हाईत. मी म्हटलं, पोरीला सांगा की एकदा. तर म्हणाले, काय सांगू? आणि तू तरी कुठं यायचीस ह्या दिवसांत?"

मी सानिकाच्या हातावर दही घातलं. जरा जास्तच पडलं.

अप्पा आता गाडी चालवत नाहीत. गुडघे गेलेत. पण काठी टेकत फाटकापर्यंत येतातच. गाडीही आता खिडक्यांची आहे, बाजीराव चालवतो. आईचा हात असा, म्हणून सेंटरवर पोरींबरोबर मी जाणार होते. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले. अप्पांनी पुढच्या दाराशी उभं राहून सुरुवात केली. प्रत्येकीकडे बघत, बोट करत. "तू?" नाव, उचगाव. "तू?" नाव, उचगाव. भट्टीत नग तपासतात तसं नव्हे. नग ते भराभर बघतात. इथं प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून, पटलं की मान हलवून, मग पुढची. चष्म्याआड डोळे बारीक करून करून. वेळ लागत होता, बाजीराव स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता.

शेवटी बोट मागच्या बाकापर्यंत आलं. मला वाटलं, थांबेल. थांबलं नाही.

"तू?"

पोरी मागे वळल्या. सानिका म्हणाली, "अवो अप्पा, त्या ताई हाईत! तुमच्याच!"

"म्हायती हाय मला कोण हाय ती," अप्पा म्हणाले. बोट तसंच. "सेंटर कुठलं तुझं?"

मला आधी हसू आलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं, माहेरचं, पूर्ण. आणि म्हटलं, "रंकाळा."

पोरी खो खो हसल्या. अप्पा हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, प्रत्येकीला हलवली तशीच, मग पुढं येऊन बाजीरावाच्या दारावर काठी ठोकली.

"आधी रंकाळा. मग उचगाव."

"अप्पा, उलटं पडतंय की वो ते!"

"पडू दे. येळ हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, आत आवाज जाईल एवढ्या मोठ्यानं, "हिला आधी सोडायची हुती."

बाजीरावानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यानं गाडी डावीकडे वळवायच्या ऐवजी उजवीकडे वळवली. फाटकात अप्पा काठीवर भार देऊन उभे होते, त्यांच्यामागे दारात आई, प्लास्टरचा हात गळ्यात. राजारामपुरीचे क्लास नुकते उघडत होते. पोरींना फुकटची फेरी मिळाली म्हणून त्या खिडक्यांना लागल्या. रंकाळ्याचं पाणी दिसलं तेव्हा दोघी-तिघींनी हात जोडले, कशाला कोण जाणे, पेपर होता म्हणून जोडले असतील.

शाळेच्या गेटपाशी बाजीरावानं खरोखरच गाडी थांबवली. गेट नवीन होतं, शाळा तीच. आत पोरंपोरी नंबर शोधत होती.

"ताई," तो म्हणाला, "उतरताय का?"

"नको," मी म्हटलं. "पोचले मी. आता ह्यांना सोड."